निळीच्या बावीस रेघा

अनसिंग, जि. अकोला
२ जानेवारी १९७५, गुरुवार

रतनसिंग,

जय भीम.

नागपूरच्या दवाखान्यात खाट नंबर अकरावरच्या माणसाने खाट नंबर बारावरच्या माणसाला पत्र लिहायचं, असं निघताना ठरलं होतं. मी ठरवलेलं करतो. मला २४ डिसेंबरला सोडलं तेव्हा तू आतच होतास. आता सुटला असशील असं धरून रिठद पोस्टाच्या मार्फत तुझ्या तांड्यावर पत्र टाकतो.

गंमत बघ. पंधरा दिवस आपण हातभर अंतरावर पडलो होतो, पण मान वळत नसल्यामुळे मी तुझा फक्त आवाज ऐकला. तुझं तोंड पाहिलं ते निघताना, दारातून, अख्खं अंग वळवून. मिशा आवाजावरून वाटल्या होत्या त्यापेक्षा लहान निघाल्या.

माझी हकीगत. गळ्यात पट्टा आहे, झोपतानासुद्धा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय, बारा आठवडे मानेचा कोणताही व्यायाम नाही. ३ मार्चला नागपूरला जाऊन फोटो काढायचा, हाड धरलं असेल तर मग व्यायाम. ऑपरेशन ९ डिसेंबरचं, म्हणजे बरोबर चौऱ्याऐंशी दिवस. मोजून पाहिले, डॉक्टर चुकलेला नाही.

माझी अडचण मात्र डॉक्टरला कळली नाही. आमच्या गावातल्या नव्या बुद्धविहाराची आतली भिंत माझ्या नावावर ठेवलेली आहे. तिच्यावर बावीस प्रतिज्ञा लिहायच्या. बावीस पट्ट्या, प्रत्येक साडेचार इंचांची, जमिनीपासून दोन फुटांवर सुरुवात, सगळ्यात वरची दहा फूट तीन इंचांवर संपते. १४ एप्रिलच्या जयंतीला पडदा काढायचा. विहार समितीचे अध्यक्ष पंजाबराव घरी येऊन बोलून गेले, "देवमन, एक मार्चले तू परांचीवर चढला तं भिंत तुही. नाई तं वाशीमच्या माणिकले सांगा लागते."

हा माणिकराव माझ्याकडेच दोन वर्षं शिकला. अजून त्याचा 'ज्ञ' पोट फुगल्यासारखा येतो. छप्पन साली दीक्षा घेऊन आलो त्या वर्षापासून मी ही भिंत डोक्यात घेऊन फिरतो आहे, तेव्हा भिंतही नव्हती. मी शाळेत पाचवीपर्यंत गेलो. अक्षर शिकलो ते दुकानांच्या पाट्या बघून, कोणी हात धरून शिकवलं नाही. ती भिंत माणिकने लिहायची असेल तर मी त्या विहारात डोळे मिटून बसेन.

तुझं काय ते कळव.

देवमन इंगोले, पेंटर


रिठद
८ जानेवारी

पेंटरभाऊ, राम राम.

पत्र भेटलं. मी तीस तारखेले सुटलो. बाईनं व्यायाम सुरू केला. अठराव्या रोजीच. २७ तारखेले. रोज दोन टाइम करतो. आराम हाय. बाकी ठीक.

रतनसिंग


अनसिंग
१३ जानेवारी १९७५

रतनसिंग,

तुझं कार्ड मिळालं. ते मी चार वेळा वाचलं. एवढ्या कमी मजकुरात माणसाची झोप उडवता येते हे मला माहीत नव्हतं.

आपलं दोघांचं ऑपरेशन एकाच दिवशी. डॉक्टर एक, टेबल एक. तुला सकाळी नऊला नेलं, मला साडेबाराला. साडेतीन तासांचा फरक. आणि व्यायामाला तुला अठरा दिवस, मला चौऱ्याऐंशी! साडेतीन तासांमागे सहासष्ट दिवस, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

म्हणशील, तुझी मान मागून उघडली, माझी पुढून. मी त्याचाही विचार केला. भिंत पुढच्या दाराने जाऊन रंगवा का मागच्या, रंग वाळायला लागायचा तेवढाच वेळ लागतो. माझ्या कमरेचं हाडाचं ढलपं काढून मानेत बसवलं हे खरं. पण ते बसवलं म्हणजे मान उलट मजबूत झाली. तुझ्यात तर काहीच बसवलं नाही, नुसतं मागचं हाड कोरून नस मोकळी केली. मग आधी सुरुवात कोणाची व्हायला पाहिजे?

ती व्यायामवाली बाई तुझ्या खाटेपाशी उभी राहून हसायची, ते मला ऐकू येत होतं. माझ्या खाटेपाशी येऊन तिने फक्त पट्टा घट्ट आहे का पाहिलं. तू गाणी म्हणायचास. मला गाणी येत नाहीत. माणसाच्या मानेचा निकाल गाण्यावर लागत असेल तर तसं दवाखान्याच्या दारावर लिहून ठेवावं. पाहिजे तर मी पाटी रंगवून देतो.

आमची दुर्गाबाई म्हणते, "तुमाले मानेचं दुखनं हाय का पोटाचं? त्या रतनसिंगाचं कार्ड आल्यापासून भाकर उष्टी टाकून राह्यले." बायकांना प्रश्नाचा गाभा समजत नाही.

तर मुद्देसूद उत्तर दे. कोणता व्यायाम? बसून का उभ्याने? किती वेळा? मान किती वर जाते, आणि कशावरून मोजतोस? माहितीसाठी विचारतो आहे.

देवमन


रिठद
२० जानेवारी

पेंटरभाऊ,

राम राम. भितीले पाठ लावून बसा लागते. मंग मान हळूहळू मांगं न्याची. समोर निंबाचं झाड हाय. पयले बुंधा पाह्याचा, मंग फांदी, मंग शेंडा. दहा डाव सकाळी, दहा संध्याकाळी. मी शेंड्यावर पोचलो. बाई म्हणे असा पेशंट पाह्यला नाई. येत्या हप्त्यात डोक्यावर घागर घेतो.

रुपाबाई राम राम सांगते.

रतनसिंग


अनसिंग
२७ जानेवारी १९७५

रतनसिंग,

शेंड्यावर पोचल्याबद्दल अभिनंदन. झाड किती उंच आणि तू त्यापासून किती फुटांवर बसतोस, हे तू लिहिलं नाहीस. त्याशिवाय शेंड्याला काही अर्थ नाही. पन्नास फुटांवर बसलं तर कोणीही शेंडा बघतो.

दुसरं, तुझ्या अक्षराबद्दल. राग मानू नकोस, पण अक्षर हा माझा धंदा आहे. तुझी ओळ डावीकडे वर चढते आणि उजवीकडे नाल्यात उतरते. 'म'ची गाठ सुटलेली. काना सरळ नाही, प्रत्येक काना जणू वाऱ्यात उभा आहे. चौथी पास माणसाने इतकं आळशी लिहू नये. घागर डोक्यावर घेणाऱ्याला पेन जड होतं काय? ज्या दिवशी तुला एक 'ज्ञ' नीट काढता येईल त्या दिवशी मला झाडांच्या गोष्टी सांग.

मी डॉक्टरांना पत्र घातलं होतं, आत उत्तरासाठी कोरं कार्ड, त्यावर माझा पत्ता लिहून. उत्तर आलं. "वाट पाहा. ३ मार्च." दोनच शब्द आणि एक तारीख. पेशंटने दीड पान मुद्दे मांडले असताना.

बाकी मी स्वस्थ आहे. घरच्या भिंतीवर निळीच्या दोरीने बावीस रेघा मारून ठेवल्या, विहाराच्या मापाच्या. दोरी निळीत बुडवायची, ताणून धरायची आणि मधे चिमटीत उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उठते. दुर्गाबाईने दुसरं टोक धरलं. "कायले?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, सरावासाठी.

देवमन


रिठद
३ फेब्रुवारी

पेंटरभाऊ,

राम राम. तुमी अक्षराले हसले. हसा. तुमचं अक्षर पाहून पोस्टमास्तर बी म्हणे, हे छापेल हाय का?

घागर घेतली डोक्यावर. पाण्याची. तांड्यातले लोक पाहाले आल्ते. फुलसिंग नाईक म्हणे, रतनसिंग, तुही मान तं बैलावानी झाली.

पन भाऊ, तुमी काई करू नका बरं. तुमच्यात हड्डी बसवेल हाय. मले तुमचं पत्र वाचून उगीच तसं वाटलं. तीन तारीख येऊ द्या.

रतनसिंग


अनसिंग
१२ फेब्रुवारी १९७५

रतनसिंग,

तुझा सल्ला वाचला. जो माणूस स्वतः अठराव्या दिवशी उठला त्याने मला चौऱ्याऐंशी दिवस पडून राहायला सांगावं, हे मी समजू शकतो. मीही पुढे असतो तर मागच्याला हेच सांगितलं असतं.

आता ऐक. मी २५ जानेवारीपासून करतो आहे.

पद्धत तुझ्या झाडासारखी अंदाजाची नाही. भिंतीपासून सहा फुटांवर पाट. पाठ खांबाला टेकलेली. दुर्गाबाई कापूस वेचायला गेली की पट्टा काढायचा. पहिल्या दिवशी सगळ्यात खालची रेघ, नुसती डोळ्यासमोरची. मग एकेक रेघ वर. प्रत्येक रेघेवर नजर ठेवून वीस आकडे मोजायचे, दहा वेळा. जी रेघ दुखल्याशिवाय पाहता आली तिच्या टोकाला तारीख टाकायची. आज पंधराव्या रेघेवर तारीख पडली. तू अठराव्या दिवशी सुरू करून शेंड्यावर पोचलास, मी सत्तेचाळिसाव्या दिवशी सुरू करून अठरा दिवसांत पंधरा रेघा. आता तूच हिशेब कर, वेगात कोण आहे.

दुखतं थोडं. कुठलंही काम सुरुवातीला दुखतं.

काल माणिक विहारात माप घ्यायला आला होता. माझ्या घरावरून गेला, वाकून "जय भीम, गुरुजी" म्हणाला. म्हणे, "तुमी बरे झाले तं मी खुशीनं सोडून देईन. पंजाबरावनं म्हटलं म्हणून माप घेतलं." नव्या टेरिकॉटच्या शर्टात. परांचीवर चढायच्या माणसाचा शर्ट इतका स्वच्छ कसा? त्याने खिशातून मोजपट्टी काढली आणि मान सहज, इकडची माशी तिकडे बसावी तशी, वर केली. दहा फूट तीन इंच. मला ती मान बघवेना.

एक मार्चला मी वर चढणार. बावीस तारखेपर्यंत बाविसावी रेघ, मग आठवडाभर विश्रांती.

देवमन


रिठद
१७ फेब्रुवारी

पेंटरभाऊ,

हात जोडतो, बंद करा. पट्टा बांधा. आजच्या आज. मले तुमाले काई सांगाचं हाय, पन कार्डावर लिवनं होत नाई, पोस्टमास्तर वाचते. मी झाडाचं जे लिवलं ते मनावर घेऊ नका. उत्तर टाका. टाकाच.

रतनसिंग


रिठद
२८ फेब्रुवारी

देवमनभाऊ,

अकरा रोज झाले. रोज डाकघरात जाऊन राह्यलो. तुमचं पत्र नाई. तुमी रागावले असान तं शिव्या लिवून पाठवा, पन लिवा. तुमच्या हातचं दोन ओळीचं तरी.

रतनसिंग


नागपूर
९ मार्च १९७५, रविवार

रतनसिंग,

हे पत्र मी लिहितो आहे, पण खाली ठेवलेला कागद मला दिसत नाही. वॉर्डातल्या एका भल्या माणसाने पुठ्ठा माझ्या तोंडासमोर धरला आहे, त्यावर कागद. म्हणून ओळ वाकडी गेली तर हसू नकोस. हसायचा हक्क तुला आहे म्हणा.

एकवीस फेब्रुवारीला, शुक्रवारी, एकोणिसाव्या रेघेवर मानेत 'कट्ट' असा आवाज झाला. मोठा नाही, वाळलेली काडी मोडावी एवढा. मी पट्टा बांधला आणि कोणाला काही बोललो नाही. संध्याकाळी एक लहान पाटी रंगवायला घेतली तर ब्रश बोटांतून पडला. उचलला. परत पडला. दुर्गाबाईने पाहिलं. "काय झालं?" म्हटली. मी म्हटलं, दांडा तेलकट आहे. एक मार्चला पंजाबराव आले तेव्हा मी खाटेवर पडून होतो. ते दारातूनच परत गेले. भिंत माणिकला गेली.

तीन मार्चला फोटो काढला. बसवलेलं हाड पुढे सरकलं आहे. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला. "काय केलं?" म्हणाले. मी सांगितलं, बावीस रेघा, सहा फूट अंतर, वीस आकडे. माझ्या आयुष्यात इतकं नेमकं केलेलं काम सांगताना मला पहिल्यांदा लाज वाटली.

ते म्हणाले, "नशीब, पुढेच सरकलं. मागे गेलं असतं तर हातपाय गेले असते." परत चिरायचं नाही, पण आता कपाळापासून कमरेपर्यंत प्लास्टर. तोंड, कान आणि दोन हात तेवढे बाहेर. बोटं परत येताहेत. तीन महिने असंच, मग फोटो, मग बोलू. पुन्हा पहिल्या दिवसापासून.

मला त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं. तुझ्या मानेत नुसतं खरवडकाम होतं. माझ्यात वीट बसवली होती आणि तिचा चुना ओला होता. रतनसिंग, ओल्या गिलाव्यावर रंग चढवणाऱ्या माणसांना मी चाळीस वेळा शिव्या घातल्या असतील. माणिकला तर एकदा शिडीवरून उतरवलं होतं.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं. व्यायामवाली बाई आली. "हे कोणी शिकवलं?" म्हणून तिने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. झाड, शेंडा, घागर, सगळं सांगितलं. तिने हात वर करून मला मधेच थांबवलं. मग म्हणाली, "रतनसिंगला? त्याला मी मानेचा व्यायाम अजून दिलेलाच नाही. त्याचा पट्टाही निघायचा आहे."

बाकीचं विचारलं तर म्हणाली, "त्यालाच विचारा."

म्हणून विचारतो. तू मला काय लिहीत होतास?

देवमन


रिठद
१६ मार्च १९७५

देवमनभाऊ,

राम राम.

तुमचं पत्र रुपाबाईनं मोठ्यानं वाचलं, चार अक्षरं येते तिले. वाचून झाल्यावर म्हटली, "सांग आता. घागरवाला!"  आज लिवतो.

मानेचा व्यायाम मी एक दिवस बी केला नाई. घागर डोक्यावर घेतली नाई. फुलसिंग नाईक काईच म्हटला नाई. निंबाचं झाड हाय, तेवढंच खरं.

तुमाले माहीत नाई, कारन तुमची मान वळत नवती. माही गाडी उलटली तवा मानेतली नस दबली आन उजव्या हाताची बोटं मेली. तुमी अकरा नंबरवर पडून मले गोष्टी सांगत होते, तवा मले रुपाबाई घास भरवत होती. शर्टाचं बटन तिच लावे. नाडी तिच बांधे. मानूस बायकोले नाडी बांध म्हणते, तवा तो हळू आवाजात म्हणते. म्हणून तुमाले आयकू नाई गेलं. मी गानी म्हणो ते त्याच्यावर पडदा टाकाले.

आठव्या रोजी सिस्टरनं तुमाले रंगाचा डबा देल्ला. तुमी पडल्या पडल्या खाटांचे नंबर रंगवले. माहा बारा नंबर बी तुमीच रंगवला. सारे डॉक्टर पाहाले आले. तो बारा माह्या पायथ्याशी टांगला, आन मी रोज त्याच्याकडे पाहात पडलो. भाऊ, मले त्या बाराचा असा राग ये. म्हणो, याची मान गेली, माही मान गेली, मंग याचे हात काहून राह्यले?

अठराव्या रोजी बाईनं मले जो व्यायाम देल्ला तो बोटांचा. चिकन मातीच्या गोया करा. बटन लावा, काढा. आन रोज एक पान लिवा. मी म्हटलं, बाई, मी कास्तकार मानूस, मी काय लिवू? थे म्हणे, कोनाले तरी पत्र लिवा, उत्तर येईन तं आळस येनार नाई. मी घरी आलो आन हप्त्याभरात तुमचं पत्र आलं. पयलं कार्ड मले दीड दिवस लागला. पेन बोटाले सुतळीनं बांधून लिवलं. त्याच्यात खरं काय लिवू? लहान्या पोरावानी मातीच्या गोया करतो म्हणून? छापेल अक्षराच्या मानसाले? म्हणून नुसतं लिवलं, व्यायाम सुरू झाला. तुमी तिकून जळून लिवलं. काय सांगू, लय बरं वाटलं. जल्मात पयल्यांदा देवमन पेंटर माह्यावर जळला. मंग झाड उगवलं, मंग घागर आली.

तुमी खरंच करसान हे मले वाटलं नाई. तुमी तं साऱ्याइचं माप काढनारे.

तुमची मान मी सरकवली. 

हे पत्र म्हंजे आजचा व्यायाम हाय. पूर्न चार पानं, सुतळी न बांधता. तुमी म्हटलं होतं म्हणून पाचव्या पानावर निस्ता 'ज्ञ' लिवला. दोनशे डाव. रुपाबाई म्हणे, कागद खराब करून राह्यला. पाहा कसा आला. आला नसन तं फाडून टाका.

रतनसिंग


अनसिंग
२० एप्रिल १९७५, रविवार

रतनसिंग,

जय भीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला. आधी तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. तिन्हींत अक्षर चांगलं होतं, मजकूर वाईट होता.

मग घरी आल्यावर तुझी सगळी पत्रं काढली आणि दुर्गाबाईला तारखेप्रमाणे भिंतीवर लावायला सांगितली, माझ्या डोळ्यांच्या उंचीला, कारण मी आता वर किंवा खाली पाहू शकत नाही. जे समोर येईल तेच. आठ जानेवारीचं कार्ड. त्यात 'र'चा पाय जिथे टेकायला पाहिजे तिथे शाईचा डाग आहे. पेन थांबलं, उचलता आलं नाही, म्हणून डाग. वीस जानेवारीला डाग नाही, पण काना थरथरतो. तीन फेब्रुवारीला 'म'ला गाठ आली. सतराला ओळ घाईची आहे, तरी सरळ आहे. सोळा मार्चला अक्षर उभं राहिलंय.

रतनसिंग, सगळं त्यातच होतं. एकेक बोट कधी जागं झालं ते तारखेनिशी भिंतीवर लिहिलेलं होतं. मी अक्षर ओळखण्यावर पोट भरणारा माणूस. मी तुझ्या अक्षराला हसलो आणि तुझ्या झाडावर विश्वास ठेवला. मान तू सरकवली नाहीस. तू तीन तारखेपर्यंत थांबायला सांगितलं होतंस, ते कार्डही भिंतीवर आहे. मीच ते तुझ्या जळफळाटात जमा केलं. जळत होतो मी.

आता भिंतीचं सांगतो.

मार्चअखेर माणिक घरी आला. म्हणाला, "गुरुजी, रेघा तुमच्या हातानं मारल्याशिवाय मी ब्रश लावत नाई." मी त्याला हाकलणार होतो. पण हाकलायला उठावं लागतं, आणि मला उठवायला दोन माणसं लागतात. तो तेवढ्यात समोर बसला. मग मी डॉक्टरांना पत्र घातलं. या वेळी दीड पान नाही, एक ओळ. बसून, डोळ्यांसमोर, कोपर खांद्याच्या खाली ठेवून लिहिलं तर चालेल का? उत्तर आलं, "चालेल. रोज अर्धा तास. जास्त नाही." त्या उत्तराची तारीख येईपर्यंत मी ब्रशला हात लावला नाही. दुर्गाबाईने डबा कुलपात ठेवला होता हे एक कारण, पण मी किल्लीही मागितली नाही.

मला बैलगाडीत खाली गादी घालून विहारात नेलं. दोन्ही समासांच्या उभ्या रेघांना निळीच्या दोरीचं खालचं टोक मी धरलं, वरचं माणिकने. वरच्या सोळा प्रतिज्ञा त्याने लिहिल्या. खालच्या सहा मी, आधी स्टुलावर बसून, मग पाटावर. रोज अर्धा तास. माणिक घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, झालं." मी अर्ध्या काढलेल्या अक्षरावर ब्रश ठेवून द्यायचो. आयुष्यात अक्षर अर्धं सोडलं नव्हतं.

चौदा तारखेला पडदा काढला. पंजाबराव म्हणाले, "कुठून हात बदलला ते सांगता येत नाई राजेहो." लोकांनी मान हलवली. मला सांगता येतं. सतराव्या पट्टीपासून. पण वरच्या सोळा कशा झाल्या हे मी अजून पाहिलेलं नाही. पाहता येत नाही. जून उजाडेपर्यंत माणिकच्या चुका काढायची सोयच डॉक्टरांनी ठेवली नाही. दुर्गाबाई म्हणते, गेल्या वीस वर्षांत तुमाले याच्यापरीस गुनकारी औषध कोनं देल्लं नवतं.

माझा व्यायाम कधी सुरू होणार ते बाई जूनमध्ये सांगेल. सांगितलं की त्याच दिवशी, त्याच्या आदल्या दिवशी नाही. तारीख तुला कळवणार नाही. तुझा पट्टा निघाला का ते मात्र कळव. आणि बटनं आता कोण लावतं?

पाचवं पान मी विहारात नेलं होतं. दोनशे 'ज्ञ' मोजले, एकशे अठ्ठ्याण्णव आहेत. पहिले चाळीस टाकाऊ. पण शेवटच्या ओळीतला तिसरा माणिकच्या 'ज्ञ'पेक्षा चांगला आहे. हे मी सगळ्यांसमोर माणिकला मोठ्याने सांगितलं. तो माझ्या उजव्या बाजूला उभा होता. त्याचं तोंड कसं झालं ते बघायची फार इच्छा होती, पण मान वळली नाही.

देवमन